बावीस भाज्यांचा तक्ता

“बावीस झाल्या, महाराज. तेविसावी कोणती घेऊ?”

आठल्ये मास्तरांनी तक्ता ओट्यावर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. मठावर वारा फार, आणि मास्तरांचा वाऱ्यावर विश्वास नव्हता.

उमेदगिरी महाराज नुकतेच भिक्षेहून परतले होते. रोज बारा वाजता पाच घरी मागायचं, पात्रात पडेल ते खायचं, असा या गोसाव्याचा नेम. पात्र अजून झाकलेलंच होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि तक्ता पाहिला.

तक्ता देखणा होता. पालक, मेथी, माठ, राजगिरा, शेपू, अंबाडी, करडई, चाकवत, घोळ... प्रत्येकीपुढे लोह, चुना, जीवनसत्त्वं. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाचं अक्षर. राजगिरा पहिल्या वर्गात उत्तीर्ण. आंबट चुक्यावर लाल शाईची रेघ.

बांधावरच्या रानभाज्या महाराजांइतक्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हत्या. म्हणून तर मास्तर आले होते. एरवी गोसाव्यांच्या पाया पडणाऱ्यांतले ते नव्हते. आजही पडले नव्हतेच.

“कुणासाठी?” महाराजांनी विचारलं.

“मुलगी. कुंदा. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणली. तिची आई नाही... सगळं मीच बघतो. सातवा सरला. रक्त साडेआठ होतं, परवा आठावर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच उतरत गेलं तर जिल्ह्याला हलवावं लागेल. आणि तिथंही...”

मास्तर तक्त्यावर वाकले. सरळच असलेला एक खडा पुन्हा सरळ केला.

“गोळ्या?”

“पोटात ठरत नाहीत. भाजी मात्र खाते. रोज वाटीभर. तक्त्याप्रमाणे रोज वेगळी.”

“करतं कोण?”

“मीच. निवडतो, तीन पाण्यांत धुतो, चिरतो, उकडतो. पायांवर सूज आहे, म्हणून मीठ बंद. तेल बंद. तिखट अर्थातच बंद.”

“लसूण?”

“लसणानं लोह वाढत नाही, महाराज.”

“तिला आवडते कोणती?”

मास्तरांचं बोट तक्त्यावरून आडवं गेलं, उभं गेलं. आवडीचा रकाना नव्हता.

“आठव्या महिन्यात आवडीनिवडी कसल्या?”

महाराजांनी मास्तरांकडे जरा वेळ पाहिलं. गावातल्या कुठल्याही बाईनं या वाक्यावर कपाळाला हात लावला असता.

“आणि तुम्ही काय जेवता, मास्तर?”

“माझं काय... पिठलं-भाकरी. पाला माझ्या घशाखाली उतरत नाही. लहानपणापासून.”

“मग ती खाते, हे कशावरून?”

“साडेअकराला ताट वाढून मी वाचनालयात जातो. आहारावरचं एक जाड पुस्तक आहे, ते घरी देत नाहीत. एक वाजता परत येतो, तर वाटी लख्ख! आज तेवढा इकडे आलो.”

बावीस दिवसांत मास्तरांना समाधान देणारी तेवढी एकच गोष्ट होती, ती रिकामी वाटी.

महाराजांनी पात्र पुढे ओढलं आणि त्यावरचं फडकं काढलं.

भाकरीचे तुकडे, आमटी, लोणच्याची फोड. एका कडेला काळपट हिरवा गोळा. त्यात माठाचे देठ. सगळे एकाच मापाचे, अर्ध्या अर्ध्या इंचाचे.

पट्टी लावल्यासारखा माठ चिरणारा माणूस गावात एकच होता.

“हा...” मास्तर म्हणाले. “हा तर मी सकाळी...”

“खा.”

मास्तरांनी घास घेतला. घास या गालातून त्या गालात गेला. खाली जाईना. पाणी पिऊन ढकलला तेव्हा गेला.

“किती दिवस?”

“तीन आठवडे होतील.”

“आणि तुम्ही घेत राहिलात?”

“भिक्षेला नको म्हणायची आम्हाला सोय नाही.” महाराजांनी गुडघा चोळला. “माझं रक्त तपासा हवं तर. ओसंडून वाहत असेल.”

मास्तर हसले नाहीत. डोक्यात फक्त आठ होता... आठाच्या खाली सात.

“सांगायचं तरी!”

“भिक्षा घालणाऱ्या दाराचं नाव घ्यायचं नसतं.”

“तुमचं नाही म्हणत. तिनं! तिनं मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलंत?”

“रोज विचारतो. खाल्लीस ना, म्हणून.”

“ती काय म्हणते?”

“हो बाबा, म्हणते...”

वारा सुटला होता.

“एका दारात,” महाराज म्हणाले, “एक लेकुरवाळी व्हायची पोर भिक्षा घालते आणि आत जात नाही. पात्रात शेजारच्या घरचा आंबट चुका असतो. लसणीची फोडणी, शेंगदाणे, वर लाल मिरची. त्याच्याकडे बघत उभी राहते. एकदा विचारलंन, याला वास किती छान येतो हो, कुणी केलाय?”

“मग?”

“मग काय... गोसाव्याच्या पात्रातलं मागायचं कसं? लाजली. आत गेली.”

मास्तरांनी डोळे पुसले. चष्मा न काढताच पुसायला गेले, म्हणून दोनदा पुसावे लागले.

“महाराज, उद्या मी काय करू?”

तेविसावी भाजी विचारायची ते विसरून गेले होते.

महाराज जेवायला बसले. आधी माठाचा गोळा संपवला, शेवटच्या देठापर्यंत, तोंड वाकडं न करता. मग भाकरी. मग पाणी प्यायले.

“उद्या बारा वाजता तुमच्या दारात उभा राहीन,” ते म्हणाले. “मला उपाशी परत पाठवा.”