शीव विचारणारी तान्हाई

सरकार घोड्यावरून यायचं, शेतं मोजायचं आणि निघून जायचं, त्या काळातली ही गोष्ट. दवाखाना हा शब्द वाघजाळीत कुणी ऐकला नव्हता. जुलाब-उलट्यांची पटकी आली की सकाळी धडधाकट असलेलं माणूस दिवेलागणीला नसायचं. मग गाव एकच उपाय करायचं. लाकडाचा हातभर गाडा करायचा, त्यात मरीआईला बसवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि गाडा शिवेपलीकडं सोडून मागं न बघता परत यायचं. पलीकडचं गाव तोच गाडा ओढत पुढच्या शिवेवर नेऊन सोडायचं.

हा गाडा करायची तान्हाई सुतारीण. नवरा गेल्यावर त्याचा लाकूड तासायचा वाकस तिनंच हातात घेतला होता. हात पक्का, पण जीव चिमणीचा. भांडं पडलं तरी दचकायची. पाटलानं हाक मारली तर पदर सावरता सावरता तिची पायरी चुकायची.

त्या साली पटकी आली ती आठ दिवसांत एकवीस माणसं घेऊन गेली. पाटलाचा निरोप आला, गाडा कर, उद्या उगवतीच्या शिवेवर सोडायचा आहे.

उगवतीला खिरडी. खिरडीत तान्हाईची एकुलती एक लेक सगुणा नांदत होती, आणि तिला नववा महिना लागला होता.

तान्हाई पाटलाकडं गेली. या खेपेला मावळतीला न्या, एवढंच कसंबसं म्हणाली. पाटील काही वाईट माणूस नव्हता. त्यानं कालच सख्ख्या भावाला पोचवलं होतं. तो म्हणाला, "मावळतीला माझी बहीण दिलीय, तान्हाबाई. कुठल्याही शिवेवर न्या, पलीकडं कुणाची तरी लेक असतेच."

ती घरी येऊन गाडा करायला बसली. चाकांचा आस तासताना तिला दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. तेव्हाही तिनं केलेला गाडा उगवतीला गेला होता. तीन आठवड्यांनी मावळतीकडून एक गाडा वाघजाळीच्या शिवेवर आला, तर त्याच्या चाकावर तिच्याच पटाशीची खूण. सात गावं फिरून तो घरी आला होता, आणि त्याच्यामागून पटकी. तान्हाईनं तेव्हा भीतीपोटी कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी माणसं गाडा न्यायला आली. ती म्हणाली, आज मीच नेते. कुणी अडवलं नाही. गाड्याला हात लावायची हौस कुणाला होती?

ती शिवेवर पोचली, पण पलीकडं गेली नाही. शिवेच्या दगडांवरूनच चालत राहिली. एक पाय वाघजाळीत, एक पाय खिरडीत, अशी ती तीन कोस चालली, असं म्हणतात. आणि ती चालत होती तोवर दोन्ही गावांत एकही माणूस दगावलं नाही, असंही म्हणतात.

शीव संपली तिथून तिनं तालुक्याची वाट धरली आणि कचेरीच्या दारात गाडा आडवा लावला. शिपाई खेकसला तशी ती दचकून खालीच बसली, पण दोरी सोडली नाही. दोन शिपायांनी गाडा उचलून पाहिला. हलेना. बैल जुंपले, तर जू मोडलं. जितकी माणसं त्या साथीत गेली होती, त्या सगळ्यांचं वजन त्या हातभर गाड्यात येऊन बसलं होतं, असं म्हणतात.

मामलेदार बाहेर आले. समजुतीच्या सुरात म्हणाले, रोगराई देवाच्या हातची, बाई, त्यात सरकार काय करणार? तुमची रीत आहे ना, शिवेपलीकडं नेऊन सोडा.

तान्हाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, 

"सोडायलाच निघालेय, रावसाहेब. पण आमची शीव सरकारनं आखली, खिरडीचीही सरकारनंच आखली. दोन्हीकडं राज्य तुमचंच. तुमच्या राज्याची शीव कुठं संपते, तेवढी दाखवा. तिच्यापलीकडं नेऊन सोडते."

एक कारकून हसला. म्हातारीला समुद्रावर पाठवा म्हणाला. पण बाकी कुणी हसलं नाही.

मामलेदारांची नजर उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाकडं गेली. असं म्हणतात, त्या घटकेला नकाशावरच्या सगळ्या शिवा पुसून गेल्या. ओढे, नाले आणि विहिरी तेवढ्या उरल्या, एका गावातून दुसऱ्या गावात पाणी नेणाऱ्या.  मग मामलेदार वाकले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गाडा ओढला. तो खेळण्यासारखा घरंगळत कचेरीत गेला.

त्याच दिवशी वर कागद गेला. चौथ्या दिवशी डॉक्टर आला. वाघजाळी, खिरडी आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या विहिरींत एकाच दिवशी लाल औषध पडलं. पाणी उकळून प्या, म्हणून सरकारचा माणूस दारोदार फिरला. पटकी हटली. सगुणाला मुलगी झाली. कचेरीतल्या ज्या खोलीत गाडा थांबला, तिथं पुढं दवाखाना बसला आणि डॉक्टर कायमचा राहिला. तान्हाई मात्र शेवटपर्यंत भित्रीच राहिली. डॉक्टरचं घोडं फुरफुरलं तरी दचकायची.

आता तिथं मोठं आरोग्य केंद्र आहे. आणि त्या भागात एक रीत पडून गेली आहे. गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ताप पसरायला लागला, की केंद्राला कळवायचं आणि लगेच शेजारच्या गावाला. लपवायचं नाही. पूर्वी माणूस धावत जायचा, आता फोन जातो. फोन करणारी आपलं नाव सांगत नाही. "तान्हाईचा सांगावा आहे," एवढंच म्हणते. पलीकडची बाईही कोण, कुठली, विचारत बसत नाही. चुलीवर पाण्याचं पातेलं चढवते आणि पुढच्या गावाला फोन लावते.