राजकन्येचे पेढे

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे रोज संध्याकाळी मालिका पाहायला जात असे. गुरू काही आश्रमात राहणारे नव्हते. महाविद्यालयात साहित्य शिकवून निवृत्त झालेले, दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहणारे सर होते. मालिका विलायतेतल्या ट्यूडर राजदरबाराची होती आणि तिचं रसग्रहण शिष्य एका साप्ताहिकात लिहीत असे.

आता यात वावगं काहीच नाही. पण याच शिष्याची पत्नी शाल्मली माहेरी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि आठवडा उलटला तरी हा गृहस्थ लेकीचं तोंड पाहायला गेला नव्हता. माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं, एसटीने तासाभराचं. "लेख द्यायचाय, उरकला की येतो," असं तो फोनवर सांगे. माणूस दुष्ट नव्हता. मुलगाच होणार, हे त्याने मनाशी इतकं पक्कं धरलं होतं की मुलगी झाली म्हटल्यावर कसं वागावं हेच त्याला सुचेना. लेखाचं निमित्त आयतं सापडलं.

मालिका मात्र खरोखर पाहण्याजोगी होती. मखमलीचे पायघोळ अंगरखे, मेणबत्त्यांच्या उजेडात निम्मेच दिसणारे चेहरे, राजा हसला की हसणारे सरदार. सुरुवातीला शिष्य नुसते पोशाखच पाहत बसायचा. तेव्हा सर म्हणाले होते, "कपडे पाहून झाले की माणसं पाहा. दरबारात कोण कोणाकडे पाहायचं टाळतो, तिकडे लक्ष ठेव. गोष्ट तिथे असते." तेव्हापासून त्याला मालिका निराळीच दिसू लागली. राजा शिकारीहून परतायचा असला की राणी पुन्हापुन्हा बाहीची चुणी सारखी करते, हेही त्याने हेरलं आणि लेखात लिहिलं. सर मनातून खूश झाले होते.

त्या संध्याकाळच्या भागात राणी बाळंत झाली. राजाला गादीला वारस हवा होता. घोडेस्वारांचे भाल्यांचे सामने आधीच ठरले होते, मैदानावर पताका लागल्या होत्या. दाईने बाहेर येऊन सांगितलं, राजकन्या झाली. राजाने सामने रद्द केले. पताका उतरू लागल्या. आतल्या खोलीत राणी दाराकडे डोळे लावून पडली होती, आणि राजा खिडकीपाशी पाठ करून उभा होता.

शिष्याचे डोळे भरून आले. "काय माणूस आहे हा," तो चिडून म्हणाला. "जरा आत जाऊन लेकीकडे पाहायला याचं काय जातं?"

सरांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. स्वयंपाकघरातून पेढ्यांचा भलामोठा पुडा आणला, एक पेढा शिष्याच्या हातावर ठेवला आणि जाऊन शेजारचं दार वाजवलं.

"पेढे घ्या. मुलगी झाली."

"अगं बाई, कुणाला?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"राजाला."

"पण सर, मुलीची बर्फी असते ना?"

"असेल. माझ्याकडे पेढेच आहेत."

वयोमानाने सरांचं काही बिनसलं की काय, अशी शिष्याला शंका आली. ते परत येऊन बसल्यावर त्याने भीतभीत विचारलं, "सर, पाचशे वर्षांपूर्वीच्या राजकन्येचे पेढे आज का वाटताय?"

"कोपऱ्यावरचा मिठाईवाला सांगत होता," सर म्हणाले, "तू पेढे आधीच सांगून ठेवले होतेस आणि मग नको म्हणालास. बर्फीही सांगितली नाहीस. मी म्हटलं, ते पेढे मला दे."

शिष्याची मान खाली गेली. पेढा हातातच राहिला.

"तुला लाजवायला आणले नाहीत रे," सर मायेने म्हणाले. "आत्ता त्या राणीसाठी तुझा जीव कळवळला, तो खोटा नव्हता. मी तुझ्या चेहऱ्याकडेच पाहत होतो. परक्या मुलखातली, आपली भाषाही न बोलणारी बाई घरच्यासारखी वाटावी, म्हणून तर अशी नाटकं करायची आणि पाहायची. पण कळवळा पडद्यापाशीच थांबला, तर रसग्रहण अर्धंच राहतं, बाळा. तू जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायला तो राजा आता नाही. तुझ्या लेकीला बाप आहे. आणि तिच्यासाठीही पताका उतरल्या, हे तिला अजून ठाऊक नाही. तिला ते कळायच्या आत जा."

शिष्य उठला. त्याने सरांना नमस्कार केला आणि थेट एसटी स्टँड गाठला.

रात्री जेवणाच्या वेळेला तो सासुरवाडीच्या घरी पोचला. शाल्मली खाटेवर बसली होती, बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"लेख झाला?" तिने विचारलं.

"नाही. लेखासाठी थांबलोच नव्हतो मी," तो म्हणाला. "मुलगा होईल असं धरून बसलो होतो. चुकलं माझं."

तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. "हिला काही कळलं नाही," ती म्हणाली. "मला कळत होतं."

मग तिने बाळ उचलून त्याच्याकडे दिलं. मानेखाली हात कसा धरायचा ते दाखवायला तिने त्याच्या हाताखाली आपला हात धरला. त्याला जमलं, तरी तिने तो काढला नाही.