चौथा हौद

"मग हा चौथा हौदही ओतून देऊ का, बाबा?"

उकंडबाबा संत्रं सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

डॉ. हर्षल घाटोळ चपला न काढताच मठीच्या ओट्यावर टेकला होता. घायकुतीला आलेला माणूस पाया पडायचं विसरतो, हे बाबांना ठाऊक असावं.

उकंडबाबा काही हिमालयातून उतरलेले नव्हते. उभी हयात डिस्टिलरीत, मळी आंबवण्याच्या हौदाशेजारी गेली आणि म्हातारपणी संत्र्याच्या बागांमध्ये ही मठी बांधली. त्यांच्या आईची आधीची तिन्ही लेकरं दगावली, म्हणून काळाची नजर चुकवायला चौथ्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचलून परत आईच्या ओटीत घातलं आणि नाव पडलं उकंडा. आमच्या वऱ्हाडात अशी नावं गावोगाव होती.

हर्षल म्हणजे उसाच्या चिपाडापासून इथेनॉल काढून डॉक्टर झालेला गडी. इथल्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यातली साल नाल्यात कुजायची. त्याने भर ग्रामसभेत छाती ठोकून सांगितलं होतं, "सालीचा तुकडा नाल्यात येणार नाही. मी तिचं इंधन करतो." तीन हौद नासले आणि तिन्ही नाल्यातच गेले. परवा गावातल्या बायांनी बजावलं, चौथा आला तर तुमच्या फाटकाला आमचं कुलूप.

"केलं काय तू?" बाबांनी विचारलं.

"साल बारीक दळली, उकळली. गार झाल्यावर एन्झाइम घातलं, त्यानं सालीची साखर केली. साखर झाली, बाबा, मी स्वतः तपासली! मग यीस्ट सोडलं. त्यानं ती साखर खायची आणि इथेनॉल करायचं. पण ते मरतं. परदेशातून मागवलेलं यीस्ट... दोन दिवस झाले, एक बुडबुडा नाही."

"उकयताना झाकन?"

"घट्ट. वाफसुद्धा बाहेर जाऊ देत नाही." हर्षल जरा ताठ झाला. "एकदा हौदाजवळ येऊन तर बघा. अत्तराच्या दुकानासारखा घमघमाट! पाहुणे त्यावरच खूश होतात."

"वास लय आवडते काय तुले?"

"कोणाला नाही आवडत?"

"असा जवय ये..."

हर्षल पुढे वाकला. त्याला वाटलं, आता कानात काहीतरी सांगणार. बाबांनी ताजी साल दुमडली आणि त्याच्या उघड्या डोळ्यांत चिळकांडी उडवली.

"आई गं!"

शाळेतली पोरं एकमेकांना असं करतातच, पण ऐंशीच्या म्हाताऱ्याकडून कोण अपेक्षा करतो? डॉक्टरसाहेब डोळे गच्च मिटून, पाण्याच्या धारा गाळत ओट्यावर चाचपडत राहिले. राग आला, चांगलाच आला.

"हे काय, बाबा!"

"अत्तर."

हर्षलने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"तू डोये मिटले," बाबा शांतपणे म्हणाले. "त्यायले पापन्या नाहीत, बाप्पा."



सालीतलं तेल! डोळ्यांना झोंबलेलं हेच तेल हौदातल्या यीस्टला मारत होतं. उसाच्या चिपाडात ते नसतं. सात वर्षं चिपाडच पाहिलेल्या हर्षलला ते कधी सुचलंच नाही. वर झाकण घट्ट लावून त्यानंच ते आत कोंडलं होतं आणि त्याच वासाची फुशारकी मारली होती. त्याला शरम वाटली. पण शरमेच्या मागोमाग छातीवरचा दगडही उतरला.

"म्हणजे झाकण उघडायचं... पुन्हा उकळी आणून वाफेबरोबर तेल जाऊ द्यायचं. मग गार करून नवं यीस्ट." तो उठून उभा राहिला. "साखर तर हौदात आहेच की, बाबा! ओतायचा कशाला?"

बाबांनी सोललेलं अर्धं संत्रं त्याच्या हातावर ठेवलं, अर्धं आपल्या तोंडात टाकलं.

चपला पायात होत्याच. तो झपाझप निघाला आणि पायरीवर थबकला. डोळे अजून लालबुंद होते.

"बाबा, तीन तर गेले. हा चौथा... जगेल ना?"

उकंडबाबा पहिल्यांदाच खळखळून हसले.

"अन् हे तू मले इचारून राह्यला?"