हातातून पडलेलं फडकं

सगळ्या गावात मिळून एकच मोटार होती, त्या काळची गोष्ट. दसऱ्याच्या सकाळी केरोबाकाका ती धुऊन पुसायला लागले, तेवढ्यात त्यांच्या हातातलं मऊ फडकं अंगणात पडलं. त्याला वाळू चिकटली.

बादली हसली. "गेला तुझा बॉनेटचा मान! आता बस टायर पुसत."

"बादलीताई, गप्प बस ना गं," फडकं कळवळून म्हणालं. "वर्षभर आजची वाट पाहिलीय मी."

काकांनी फडकं उचललं, नुसतं झटकलं आणि बॉनेटकडे नेलं. मोटारीने अंग चोरलं.

ते पाहून फडक्याला राहवेना. "काका, थांबा! माझ्यात वाळू आहे. हिला ओरखडे पडतील."

काकांचा हात थांबला. "बरं झालं सांगितलंस बाबा," असं म्हणून त्यांनी दोरीवरचं दुसरं स्वच्छ फडकं घेतलं. पहिल्याच्या वाट्याला टायर आले.

दुपारी मोटारीला झेंडूचा हार चढला. चाकापाशी पडलेल्या फडक्याला ती हळूच म्हणाली, "जरा इकडे बघ."

तिच्या चकचकीत दारात फडक्याला आपलं काळंकुट्ट तोंड दिसलं. त्या दारावर एकही ओरखडा नव्हता.