एका शीसकास सात ताम्रक

त्या खोऱ्यात नदीच्या दोन्ही तीरांवर नाण्यांचे राज्य होते. परंतु कोणत्याही तीरावरील नाण्यास आपली किंमत स्वतः ठरविता येत नसे. उत्तर तीरावर तांब्याची नाणी राहत आणि ताम्रक हा त्यांचा प्रमुख होता. दक्षिण तीरावर शिशाची नाणी राहत. त्यांचा प्रमुख शीसक. दोन्ही घरांमध्ये एका हाकेचे अंतर होते. तरीही ताम्रकाच्या लोकांना शीसकाकडून मीठ घ्यावयाचे झाल्यास प्रथम टेकडी चढून, भाव पाहण्यास, बगळ्याच्या तराजूच्या काट्यापाशी जावे लागे.

त्या काट्याच्या एका पारड्यात समुद्रापलीकडून आलेले शुभ्रक नावाचे नाणे कायम बसलेले असे. ते कधी बोलत नसे. त्याला तशी गरजही पडत नसे. दुसऱ्या पारड्यात खोऱ्यातील नाणी चढत. तेथे धातूचे वजन होत नसे. लोक ज्या नाण्यास मागत ते जड होई आणि ज्यास नाकारीत ते हलके. शुभ्रकास उचलण्यास शिशाची दहा, पण तांब्याची सत्तर लागली, तर बगळा कातळावर चोचीने ‘एकास सात’ असे कोरी. त्याच कातळावर सर्वांत जुनी ओळ ‘एकास एक’ अशी होती. ताम्रक ती ओळ वाचावयास वारंवार जाई.

शीसकाच्या कन्येच्या विवाहास ताम्रक एकटाच गेला. खोऱ्यातील रीत अशी होती, की पाहुण्यांनी कातळावरील भावाप्रमाणे संख्येने जावे आणि सर्वांनी मिळून एका पाटावर बसावे.

“या ताम्रकराव,” शीसक मांडवाच्या दारातच म्हणाला. “एकटेच आलात? बाकीची सहा मंडळी वाटेत सांडली की काय?”

वऱ्हाडी हसले.

“आमंत्रण माझ्या नावाचे होते,” ताम्रक म्हणाला.

“होते ना. पण एका पाटावर सातवा हिस्सा बसविला, तर पंगत बरी दिसत नाही. तुम्ही असे करा, इथेच दाराशी उभे राहा. पान बाहेर पाठवितो.”

ताम्रक त्या पानास न शिवता परत फिरला. शीसकास आपल्या दाराशी असेच उभे करीन, एवढाच विचार त्या दिवसापासून त्याच्या मनात राहिला.

पुढील बारा वर्षे उत्तर तीरावरील मध आणि लोकर शिशाच्या नाण्यांनाच विकली गेली. ती नाणी ताम्रकाने गुहांत भरून ठेविली; त्यांतील एकही नाणे मीठ घेण्यास बाहेर काढू दिले नाही. घरोघरी अळणी जेवण शिजू लागले.

त्याच्या घरी एक म्हातारी कवडी राहत असे. तांबे आणि शिसे खोऱ्यात येण्यापूर्वी तिचेच राज्य होते. तिला सर्व जण आत्या म्हणत.

“ताम्रका, लेकरांची तोंडे बेचव झाली,” ती म्हणाली. “हे शिसे कोणासाठी साठवितोस?”

“शीसकासाठीच, आत्या. त्याचे त्याला परत करणार आहे. सगळे, एका दिवसात.”

“अरे, मलाही एके काळी भाव होता. तो गेला, तेव्हा मला कळवावयासही कोणी आले नाही.”

“पण तुम्हाला कोणी हसले नाही.”

“हसावयास आठवण असावी लागते, बाबा.”

ताम्रकाने तिचे ऐकले नाही. बाराव्या वर्षी, बगळा नवा भाव कोरी त्या तोलाच्या दिवशी, त्याने सर्व गुहा रिकाम्या केल्या आणि गाड्यामागून गाड्या टेकडीवर नेल्या. “घ्या,” तो प्रत्येकास म्हणे. “कोणीही घ्या. मला हे घरात नको.” शेजाऱ्यासच शिसे नको झाले हे पाहून लोकांनी आपल्याजवळील शिसेही आणून ओतले. दुपारपर्यंत शुभ्रकास उचलण्यास शिशाची सत्तर नाणी लागू लागली. बगळ्याने ‘एकास एक’ असे कोरले.

ताम्रकाने तत्काळ शीसकास भोजनाचे बोलावणे धाडिले. शीसक आला. त्याची चमक गेली होती.

“ताम्रकराव, आता हे थांबवा,” तो म्हणाला. “माझी मुले हलकी होऊन वाऱ्यावर उडत आहेत.”

“तुम्ही दाराशीच थांबा,” ताम्रक म्हणाला. “भाव अजून उतरेल. तुमच्यापैकी किती जणांनी आत यावयाचे, ते संध्याकाळी कळवितो.”

शीसक उन्हात उभा राहिला. ताम्रकाने खिडकीत बसून सावकाश, पोटभर जेवण केले. अन्न अळणी होते, हे त्यास त्या दिवशी जाणवले नाही.

त्याच वेळी टेकडीवर समुद्रापलीकडील व्यापारी बगळ्यास विचारीत होते, “हे शिसे कुठले?”

“खोऱ्यातले.”

“आणि आमच्याजवळचे हे तांबे?”

“तेही खोऱ्यातलेच.”

“मग तेही ओता.”

सूर्यास्तापूर्वी शुभ्रकास उचलण्यास शिशाची सत्तरच, पण तांब्याची चारशे नव्वद नाणी लागू लागली. बगळ्याने पुन्हा ‘एकास सात’ असे कोरले. पण ती ओळ वाचावयास कोणी आले नाही. पुढील आठवड्यात आकडे एवढे वाढले, की कोरावयास कातळ उरला नाही. बगळ्याने काटा गुंडाळला आणि तो दुसऱ्या खोऱ्याकडे उडून गेला.

व्यापाऱ्यांची एक नाव माल उतरवून रिकामी झाली होती. लाटांवर ती कलंडू नये म्हणून तळाशी दगड घालावे लागतात. नावाड्याने शुभ्रकाच्या जातीचे एक नाणे पुढे केले आणि दोन्ही तीरांवरील लोकांनी मिळेल ते फावड्याने भरून दिले. तांबे आणि शिसे एकाच ढिगात तळाशी जाऊन पडले.

“ताम्रकराव,” अंधारात खालून शीसकाचा आवाज आला. “थोडे सरकता का? दबून गेलो आहे.”

“नाही,” ताम्रक म्हणाला. “मी वर आहे.”

आणि त्याने आपला सारा भार खाली सोडला. नाव आता डोलत नव्हती. नावाड्याने समाधानाने शीड उभारले.