आईच्या गालावरचा दाणा

"...मग सांगा चाचा, दाणा म्हणजे घाणच ना?"

मिरजेच्या यासीनचाचांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. उभा जन्म त्यांनी स्लाइडवर, म्हणजे पारदर्शक फिल्मवर, फोटो काढण्यात घालवला होता. विचारणारा सिद्धराम त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता तो पुण्यात जुन्या स्लाइड स्कॅन करून द्यायचा, आणि या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्याला मनापासून वाटे.

त्याने दोन मोठे फोटो चाचांच्या दुकानातल्या टेबलावर मांडले. दोन्ही एकाच स्लाइडचे. स्लाइडवर त्याची आई होती, चाचांनीच जत्रेत टिपलेली. ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता. वर्षश्राद्धाला भिंतीवर हाच लागायचा होता.

"हा पहिला. कडा ठळक करायला गेलो, तर फिल्मचा दाणाच वर आला. गालावर रवा सांडल्यासारखा."

"येणारच. ढग होते त्या दिवशी. कमी उजेडात चालणारी फिल्म घातलेली, तिचा दाणा मोठाच असतो. अन् हा दुसरा?"

"हा मशीनकडून साफ करून घेतला. एक दाणा शोधून दाखवा."

चाचा तो फोटो घेऊन खिडकीपाशी गेले. बराच वेळ पाहत राहिले...

"बाई देखणी आहे. कोण ही?"

सिद्धराम हसला. "आई नाही का माझी."

"तुझ्या आईच्या हनुवटीवर गोंदण होतं."

...

सिद्धराम फोटोवर वाकला. तीन हिरवे ठिपके. लहानपणी त्यांवर बोट ठेवून तो झोपायचा. मशीनने दाण्यांबरोबर तेही पुसून टाकले होते, आणि आठवडाभर याच चेहऱ्यावर काम करून त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"मग कुठला लावू, चाचा? त्यात रवा आहे. ह्यात आई नाही."

चाचांनी पहिला फोटो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. मग सिद्धरामच्या छातीवर तळवा टेकवून ते त्याला मागे मागे रेटत गेले, पार दुकानाच्या दारापर्यंत.

"बघ आता. दाणा दिसतो?"

"नाही... आई दिसते. गोंदणसुद्धा."

"मग आठवडाभर नाक लावून कुणाला बघत होतास?"