निळ्या डोंगराला वाट ठेवल्याची कहाणी

ऐक, निळ्या डोंगरा, तुझी कहाणी.

आटपाट माळरान होतं. चार दिशांना चार डोंगर होते. मधे नवाहो लोक राहात, मेंढरं राखीत, मका पेरीत. दक्षिणेचा डोंगर निळा होता. तो त्यांचा देव होता.

तिथं देसबा नावाची विणकरीण होती. तिची म्हातारी आई होती. दोघींचा वसा होता. पहाटे उठावं, डोंगराकडे तोंड करावं, चिमूटभर मक्याचं पीठ वाहावं. घोंगडं विणावं, तर काठातून एक पांढरा धागा बाहेर काढावा. विणणारीचा जीव त्या वाटेनं मोकळा होतो.

मग एके दिवशी परक्या राजाचं सैन्य आलं. मका जाळला, मेंढरं मारली, माणसं हाकून दूर सपाट मुलखात नेली. तिथलं पाणी खारट. डोंगर दिसेना. आई रोज विचारी, "देसबा, दिसतो का गं?"

"नाही गं आई."

देसबा झुरू लागली. उरल्यासुरल्या लोकरीचं तिनं घोंगडं विणलं, मधोमध निळा डोंगर काढला. काठ आला. मग तिच्या मनात आलं, वाट ठेवली तर हाही जाईल. तिनं चारी काठ बंद केले.

आईचे डोळे मंदावले होते. तिनं काठावरून बोटं फिरवली. "वाट कुठाय?"

"ठेवली नाही. तो जाईल."

"डोंगर काय मेंढरू आहे, कुंपणात कोंडायला?"

"तुझं बरं आहे! तू नुसतं विचारतेस. रोज नाही म्हणावं लागतं ते मला."



त्या दिवसापासून देसबाला डोंगर आठवेना. डोळे मिटले की नुसती लोकर दिसे. वाऱ्याला विचारलं, "माथा कसा होता रे?" वारा म्हणाला, "सांगितलं असतं, पण आत यायला वाट नाही." कावळ्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. पहाटे पीठ हाती घेतलं, तर तोंड कुणीकडे करावं कळेना. मग ती रडत आईकडे आली.

"आई, चुकले."

"चुकलीस तर उसव."

देसबानं सुरेख काठ उसवला, पांढरा धागा बाहेर काढला. म्हणाली, "जा बाबा, तुझ्या जागी जा. आम्हीच येतो." म्हटलं मात्र, पिठाचा हात आपोआप डोंगराकडे वळला.

मग पुष्कळ दिवसांनी राजानं माणसं सोडली. सगळी चालू लागली. आईनं विचारलं, "दिसतो का गं?" "नाही, ढग आहे." पुन्हा विचारलं. "नाही, धूळ आहे." तिसऱ्यांदा विचारलं. पुढची म्हातारी माणसं मटकन खाली बसून रडत होती.

"आई, दिसला! माथ्यावर बर्फ आहे, खाली—"

"सांगू नकोस. मला आता काही दिसत नाही. माझं तोंड तेवढं तिकडे कर."

देसबानं आईचे खांदे धरून वळवले. आईनं पीठ वाहिलं, म्हणाली, "आले रे. मी दिसते ना तुला?"

जशी देसबाला डोंगराची दिशा सापडली, तशी घरापासून दूर पडलेल्या सगळ्यांना सापडो, तुम्हां आम्हां सापडो. ही साठां धाग्यांची कहाणी पांचा धाग्यांत सुफळ संपूर्ण.